बस, वहिनी

कुबडी तुम्ही काढून नेलीत, आणि आता कागदावर लिहिता, "चालकाची ऐकण्यात चूक." दुसऱ्याचा पाय कसा मोडला हे टेबलामागे बसून ठरवणं सोपं असतं, कारण टेबल कधी कुणाच्या पायावर येत नाही. पण जिच्या डोक्यावर तुम्ही खापर फोडलंत ती बाई खोटं बोलत नाही, आणि तुमची खरी पंचाईत तिथंच आहे. चुकीचं ऐकलं हे ती स्वतः सांगते, कुणी विचारायच्या आधी सांगते. तेवढं ऐकून तुम्ही कान मिटता. ती पुढं बोलतच असते. म्हणून आज पहिल्यापासून ऐका.

खताच्या डेपोत शहरभरचा पाला, छाटलेल्या फांद्या आणि गोठ्यांमधलं शेण येऊन पडायचं. त्याचे लांबलचक ढीग लावायचे आणि दर आठवड्याला ते वरखाली करायचे, नाहीतर आतल्या आत तापून धुमसायला लागायचे. हे काम एका ट्रॅक्टरवर होतं. ट्रॅक्टरच्या तोंडाला दोन लोखंडी हात आणि हातांच्या टोकाला बकेट. सगळे त्याला लोडर म्हणत. तो वहिनी चालवायची.

ती अख्ख्या डेपोची वहिनी. खरी वहिनी मात्र एकट्या फिटरची. फिटर तिचा धाकटा दीर, तो वहिनी म्हणायचा म्हणून बाकीचेही म्हणायला लागले. ती त्याला भाऊजी म्हणायची, म्हणून तोही सगळ्यांचा भाऊजी झाला. वजनकाट्यावरचा माणूस म्हणायचा, "इथं आधी नातं लागतं, मग हजेरी लागते."

नऊ वर्षांपूर्वी वहिनीचा कपडे शिवायचा कारखाना बंद पडला तेव्हा तिला लोडरवर बसवली ती भाऊजीनंच. तो म्हणाला, "शिलाई मशीन चालवलीय ना? पायाखाली पेडल, हाताखाली कापड. हेही तसंच आहे. फक्त इथली सुई बोटात घुसली तर बोट शोधावं लागत नाही, माणूस शोधावा लागतो."

शिकवायला तो खाष्ट होता. भरलेली बकेट गुडघ्याएवढीच उचलून न्यायची, छातीएवढी नाही, कारण ओझं वर गेलं की ट्रॅक्टर कलंडायला निमित्त शोधतो. मागं वजनाचा ठोकळा लावल्याशिवाय पुढं ओझं घ्यायचं नाही. फांद्या तोडायला म्हणून बकेटीत माणूस उभा करायचा नाही, मग तो साहेबांचा साडू का असेना. तेल कुठून गळतंय हे हातानं चाचपायचं नाही. बारीक भोकातून दाबानं निघालेलं तेल कातडीत शिरतं, ते बाहेरून दिसतही नाही. पुठ्ठा फिरवायचा. "पुठ्ठ्याला भोक पडलं तर दुसरा पुठ्ठा मिळतो," तो म्हणायचा. उतरायच्या आधी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं, लोडरचे हात वरखाली करायचा दांडा एकदा पुढंमागं हलवून उरलेला दाब सोडायचा आणि किल्ली काढून खिशात घालायची. पहिल्या महिन्यात दोनदा तिनं किल्ली ट्रॅक्टरलाच ठेवली. दोन्ही वेळेस त्यानं ती गुपचूप काढून नेली आणि तिला संध्याकाळपर्यंत शोधायला लावली. तिसऱ्यांदा ती विसरली नाही.

आणि कुबडी. सगळ्यात आधी कुबडी.

लोडरचे हात वर उचलले की आतून एक चकचकीत दांडा बाहेर येतो. सगळा भार त्या दांड्यावर आणि त्यामागच्या तेलावर. तेलाचा पाइप फुटला, किंवा कुणाचा धक्का लागून चालवायचा दांडा पुढं सरकला, की हात खाली आलेच. म्हणून त्या चकचकीत दांड्यावर पन्हळीसारखी एक जाड लोखंडी पट्टी बसवायची आणि आरपार खीळ घालायची. मग वरून बैल उड्या मारोत, हात खाली येत नाहीत. कंपनीनं त्याला काय नाव ठेवलंय ते पुस्तकात असेल. डेपोत ती कुबडी. कुबडी नीट बसली की भाऊजी तिच्यावर थाप मारायचा आणि मग खाली शिरायचा.

खाली शिरावंच लागायचं. हातांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या पोटात ग्रीस भरायचं एक तोंड होतं, ते हात वर असतानाच सापडायचं आणि तेही एका ठराविक उंचीला. म्हणून रोज सकाळी दिरा-वहिनीचा एक ठरलेला संवाद चाले. तो बाजूला उभा राहून बघायचा आणि म्हणायचा, "वर घे. अजून. जरासं. बस, वहिनी." ती थांबायची. तो कुबडी लावायचा. ती इंजिन बंद करायची, किल्ली खिशात. मग तो खाली जायचा. काम झालं, तो बाहेर आला, कुबडी निघाली, की म्हणायचा, "आता बसव." म्हणजे बकेट जमिनीवर बसव.

"बस, वहिनी" आणि "बसव." हे दोन बोल नीट लक्षात ठेवा. तुमचा सगळा अहवाल त्यांच्यावरच उभा आहे.

डेपोचे साहेब दर दोन मिनिटांनी मनगटाकडं बघायचे, म्हणून माणसं त्यांना घड्याळसाहेब म्हणत. कुबडी लावायला पाच मिनिटं, काढायला पाच, तेवढ्यात बाहेर चार गाड्या तुंबतात असा त्यांचा हिशेब. एक दिवस कुबडी जागेवर नव्हती. विचारलं तर म्हणाले, "दुरुस्तीला दिलीय. नवीनच मागवतो." मग स्टार्टर बिघडला. एकदा इंजिन बंद केलं की ट्रॅक्टर चालू करायला चार माणसांनी ढकलायचा. तेव्हा हुकूम निघाला, दिवसभर इंजिन बंद करायचं नाही. मग सायलेन्सरला भोक पडलं. शेजारी उभं राहून बोललेलंही ऐकू येईना.

वहिनीनं तिन्ही गोष्टी ट्रॅक्टरच्या वहीत लिहिल्या. अक्षर तिचं वळणदार नाही, पण वाचता येतं. कुबडी नाही. स्टार्टर नाही. आवाज फार. प्रत्येक ओळीसमोर शिक्का बसला, "पाहिले." पुढच्या महिन्यात तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा "पाहिले." वजनकाट्यावरचा म्हणाला, "वहिनी, नवरी बघायला आलेत ते. बघतात आणि कळवतो म्हणून जातात."

इथं एक गोष्ट लपवायची नाही, कारण वहिनीनंही ती लपवलेली नाही. लिहून झाल्यावर ती आणि भाऊजी तसंच काम करत राहिले. पहिल्या दिवशी तो बिचकत खाली शिरला, लगेच बाहेर आला. दुसऱ्या दिवशी जरा कमी बिचकला. महिनाभरात भीती गेली आणि सवय आली. आधी तो बाजूला उभा राहून "बस" म्हणायचा, मग खाली बसूनच म्हणायला लागला, कारण ग्रीसचं तोंड तिथूनच नीट दिसायचं. जे उघड्या डोळ्यांनी चुकीचं होतं ते रोजचं झालं, आणि रोजचं झालं की दिसेनासं होतं.

त्या सकाळी दहाचा सुमार होता. फाटकाबाहेर पाल्यानं भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. घड्याळसाहेब मनगट पुढं करून उभे. "भाऊजी, पाळणा बांधताय का खाली? उरका."

भाऊजी हातांखाली उकिडवा बसला, ग्रीसचा पंप मांडीवर. वहिनी वर, दांड्यावर हात. सायलेन्सर फाटक्या गळ्यानं ओरडत होता.

"वर घे," तो म्हणाला. तिनं घेतलं.

"जरासं अजून."

तिनं घेतलं.

मग तो बोलला, "बस, वहिनी." इंजिननं त्यातलं पुढचं गिळलं. तिच्या कानावर आलं ते एवढंच, "बसव."

तिनं बसवली.

अर्धा श्वास. तेवढ्यात तिला त्याची टोपी दिसली आणि तिनं दांडा मागं खेचला. भाऊजीनं अंग बाहेर फेकलं होतं, डावा पाय मागं राहिला. तो ओरडलासुद्धा नाही. ओरडली वहिनी, आणि तेही नंतर, त्याला गाडीत घालून नेल्यावर, पाण्याच्या टाकीमागं जाऊन.

पाय वाचला. आत सळया घातल्या. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण घोटा वाकणार नाही. उकिडवं बसणं संपलं. फिटरनं उकिडवं बसायचं नाही म्हणजे शिंप्यानं सुई धरायची नाही.

पाचव्या दिवशी वहिनीच्या हातात कागद आला. मुख्य कार्यालयातले चौकशीचे साहेब परवा येणार, त्यांच्यासमोर सही करायची. मजकूर आधीच छापलेला. "फिटरने थांबण्याची सूचना दिली असता चालकाने ती बकेट खाली घेण्याची सूचना समजून कृती केली. चालकाची ऐकण्यात चूक. अन्य कारण आढळत नाही." सही केली तर ताकीद देऊन परत लोडरवर. नाही केली तर लोडरवरून खाली, चौकशी संपेपर्यंत, आणि चौकशा कधी संपतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दरम्यान नवा फिटर नेमला होता. सोमवारपासून तो त्याच हातांखाली बसणार होता.

कागदातलं एक वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं, आणि वहिनीला तेच टोचत होतं. खोटं असतं तर तिनं तो फाडून फेकला असता.

कागद घेऊन ती दवाखान्यात गेली. भाऊजी उशीला टेकून बसला होता, पाय उशांवर चढवलेला. तिची जाऊ खिडकीपाशी टॉवेलांच्या घड्या घालत होती. पाच दिवसांत ती वहिनीशी "आलात" आणि "निघालात" एवढंच बोलली होती.

"ये वहिनी," भाऊजी म्हणाला. "बस." मग स्वतःच हसला. "म्हणजे खुर्चीवर बस. आता शब्द जपून वापरायला लागणार."

वहिनी हसली नाही. तिनं कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"करून टाक सही."

"भाऊजी..."

"तुझ्या सहीनं माझा घोटा वाकणार आहे का? मी इथं आडवा, तू तिकडं घरी बसलेली. मग दोन घरांत मिळून कमावतं एक माणूस नाही. सही कर आणि मशीनवर जा."

"चूक माझीच आहे तशी."

"आहे ना," जाऊ म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं टॉवेल खाली ठेवला.

"ताई, खरं सांगा. हे काय म्हणाले होते?"

"बस, वहिनी."

"आणि तुम्ही काय ऐकलं?"

"बसव."

जाऊ तोंडातल्या तोंडात पुटपुटली. बस वहिनी. बसवहिनी. बसव. दोनतीनदा म्हणून बघितलं, तांदळातला खडा जिभेनं शोधावा तसं. मग म्हणाली, "माझ्याही कानाला तसंच लागलं असतं."

"तुझ्या कानाला नसतं लागलं," भाऊजी म्हणाला. "तुला मी 'बस गं' म्हटलं असतं."

"तुमच्या 'बस गं'वर मी आजवर कधी थांबलेय?"

"तेही खरंच."

मग तिघंही हसली. वहिनी हसता हसता रडायला लागली आणि थांबेना. जावेनं तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. स्वतः नाही जवळ आली, टॉवेल टाकला.

"ताई, मी तोंडदेखलं बोलणार नाही. तुमचा राग आलाय मला, आणि तो जायला वेळ लागेल. हात तुमचा होता. पण एकट्या तुमचा नव्हता. या कागदात एकटा तुमचाच लिहिलाय. अर्ध्या खऱ्यावर सही करू नका. माझ्या नवऱ्याचा पाय काही अर्धा मोडलेला नाही."

भाऊजी छताकडं बघत म्हणाला, "घ्या. आता हिचं ऐक. मी वर्षानुवर्षं तेच करतोय."

परवाचा दिवस आला. डेपोचं कार्यालय म्हणजे एक पक्की खोली आणि बाहेरच्या बाजूला पावत्या द्यायची खिडकी. कामगारांचे बूट शेणामातीचे, आतली फरशी स्वच्छ, म्हणून कामगारांची सगळी कामं खिडकीतूनच. चौकशीसुद्धा. वहिनी बाहेर उन्हात उभी. आत चौकशीचे साहेब खुर्ची पुढं ओढून बसलेले, त्यांची दोन्ही कोपरं खिडकीच्या फळीवर. त्यांच्या मागं घड्याळसाहेब.

त्या खिडकीला वर गुंडाळलं जाणारं लोखंडी शटर होतं. त्याची स्प्रिंग कधीच तुटली होती, सोडलं की धाडकन खाली यायचं. ते वर राहावं म्हणून फळीवर, शटरच्या खाली, एक जाड लोखंडी पट्टी उभी केली होती. पन्हळीसारखी. तिला खीळ घालायची दोन भोकं होती आणि अंगावर ग्रीसचे जुने डाग. वहिनी आणि भाऊजी खिडकीकडं फार यायचे नाहीत, त्यांच्या पावत्या काट्यावरचा आणायचा, आणि त्यानं कुबडी कधी जवळून पाहिली नव्हती. तिनं त्या पट्टीकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"बाई," चौकशीचे साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. आवाजात घाई होती, पण मस्ती नव्हती. "फिटर 'बस' म्हणाला आणि तुम्ही 'बसव' ऐकलं. मान्य?"

"मान्य."

"दांडा तुम्ही पुढं ढकलला?"

"मीच."

"मग इथं सही करा."

"खाली जागा आहे का, साहेब?"

"कशाला?"

"पुढचं लिहायला."

घड्याळसाहेबांनी मनगट पाहिलं. चौकशीचे साहेब म्हणाले, "पुढचं काय? प्रश्न साधा आहे. दोन शब्द सारखे ऐकू आले. आता याला डेपो काय करणार? हा भाषेचा दोष झाला."

"साहेब, भाषा काल नाही आली. नऊ वर्षं ते मला 'बस, वहिनी' म्हणतायत. दुसऱ्याच वर्षी एकदा कुबडी लावून ते खाली होते, काम झालं म्हणून 'बस, वहिनी' म्हणाले, आणि बाजूच्या गाडीच्या आवाजात मी असंच चुकून 'बसव' ऐकलं. ढकललाही होता दांडा, इंजिन बंद असलं तरी भारानं हात येतातच खाली. हात कुबडीवर टेकले, टक् असा आवाज झाला आणि भाऊजी खालून म्हणाले, 'वहिनी, झोप झाली नाही का?' संपलं तिथंच. त्याचा अहवाल नाही झाला, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. माणूस चुकीचं ऐकणार हे धरूनच ती कुबडी बनवलीय. माझे कान तेव्हाही असेच होते."

"कुबडी म्हणजे?"

घड्याळसाहेब मध्ये पडले. "एक जोडसाहित्य असतं, सर. ते दुरुस्तीला गेलंय. त्याच्याशिवायही काम चालतं. अनुभवी माणसं आहेत, काळजी घेतली की काही होत नाही."

"बरोबर," चौकशीचे साहेब म्हणाले. "शेवटी काळजी ज्याची त्यानं घ्यायची. सूचना नीट दिली आणि नीट ऐकली तर धोका कुठं आहे?"

वहिनी पुढं सरकली. फळीवरच्या त्या उभ्या लोखंडी पट्टीवर तिनं हात ठेवला. तळवा सपाट, बोटं मागं वळलेली. हलवली नाही. ओढली नाही. नुसता हात ठेवला. भाऊजी खाली शिरायच्या आधी ठेवायचा तसा.

शटर किंचित करकरलं.

चौकशीच्या साहेबांची दोन्ही कोपरं फळीवरून उठली आणि आत गेली. खुर्चीसकट ते वीतभर मागं सरकले.

"हीच ती, साहेब," वहिनी म्हणाली. "दुरुस्तीला गेलेली."

फाटकाबाहेर एका गाडीनं हॉर्न दिला.

"मी ओढणार नाही. सूचना नीट देते. हात फळीवर ठेवा, मी 'बस' म्हणेपर्यंत काढू नका. तुम्ही नीट ऐका, मी नीट बोलते. अनुभवी माणसं आहोत, काळजी घेऊ."

साहेबांनी हात पुढं केले नाहीत.

"मला ताकीद द्या. लोडरवरून उतरवा. माझी चूक आहे, ती मी माझ्या अक्षरात लिहून देते. पण सोमवारी नवा फिटर त्या हातांखाली बसणार आहे, त्याची बायको मला ओळखत नाही, तिला काय सांगू तेवढं सांगा." तिनं छापलेला कागद उलटा केला, कोरी बाजू वर, आणि फळीवरून आत सरकवला. त्यावर पेन ठेवलं. दुसरा हात अजून कुबडीवरच होता. "मी अजून हिला हलवलं नाही. एक शब्द बोलले नव्हते. तुम्ही हात आत का घेतलेत, साहेब? तेवढं इथं लिहा. त्याच्याखाली मी सही करते."